डबल बेलशिवाय

आमच्या डेपोत सगळ्यात मोठी बस ज्याच्या हाती देत, त्या माणसाला मोटरसायकल येत नव्हती. हे मला कळलं तेव्हा तोंडातला चहा नाकातून बाहेर आला. मग मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हसू आवरलं.

त्याला सगळे पैलवान म्हणतात. कुस्तीशी त्याचा काडीचा संबंध नाही, नुसते खांदे दाराएवढे आहेत. तो ड्रायव्हर, मी कंडक्टर. एकाच बसवर आम्ही इतकी वर्षं काढली, की माझी बायको त्याला ‘माझी सवत’ म्हणते. बसचा क्लच दाबून दाबून त्याचा डावा गुडघा गेला. डॉक्टरांनी जड गाडी कायमची बंद केली. मग डेपोच्या साहेबांनी त्याच्यापुढे दोन कामं ठेवली. एक तपासनिसाचं, म्हणजे मोटरसायकलवरून फिरून रस्त्यातल्या बसगाड्या थांबवायच्या आणि तिकिटं तपासायची. त्यासाठी पुढच्या महिनाअखेरीपर्यंत दुचाकीचं लायसन्स हवं. नाहीतर दुसरं काम, स्टोअरमध्ये बसून मेकॅनिक लोकांना नटबोल्ट काढून द्यायचे.

स्टोअरच्या खोलीला खिडकी नाही. भर दुपारी तिथे दिवा लावावा लागतो. ज्याने आयुष्यभर समोरच्या मोठ्या काचेतून जग बघितलं, त्याला तिथे कोंडायचं म्हणजे माशाला फडताळात ठेवण्यासारखं होतं.

“मग तपासनीस हो की,” मी म्हणालो. “माझीच तिकिटं तपास आणि माझ्यावरच रिपोर्ट मार. एवढी वर्षं तुझ्या शिव्या खाल्ल्या, तेवढंच राहिलंय.”

“मास्तर, मला मोटरसायकल येत नाही,” तो म्हणाला. आणि मी चहा सांडला तो तेव्हा.

त्याचं झालं असं, की पोरवयात तो सायकलवरून उतरला तो थेट ट्रकवर चढला, आणि ट्रकवरून बसमध्ये. मधली पायरी राहूनच गेली. घर डेपोच्या मागच्या गल्लीत, त्यामुळे कामावर चालत यायचा. कोणी विषय काढला तर नाक मुरडायचा. “दोन चाकांवर काय बसायचं? ती काय गाडी आहे? ती सर्कस.” वहिनी बिचाऱ्या खरंच समजत होत्या, की नवऱ्याला मोटरसायकल कमीपणाची वाटते म्हणून त्याने आपल्याला कधी मागे बसवून नेलं नाही.

आता यात हसण्यासारखं काय आहे ते सांगा. बाईमाणूस गाडी शिकायला निघालं की चार जण शिकवायला धावतात, दोन जण मागून पळतात, पडली तर उचलायला अख्खी गल्ली. पुरुषाला मात्र गाडी येतेच, मिशा येतात तशी. ज्याला आली नाही त्याने कुठे जायचं? पैलवान एका शिकवणीच्या ऑफिसात गेला होता. टेबलामागच्या मुलीने पेन उघडून विचारलं, “मुलीसाठी का काका?” हा डोंगराएवढा माणूस “हो” म्हणाला, सगळी माहिती नीट ऐकून घेतली आणि परत आला. त्याला मुलगी नाही.

म्हणून मग मी शिकवायला लागलो. एका बंद गोदामामागे सिमेंटचं मोकळं आवार होतं. सुट्टीच्या सकाळी तिथे कुत्रीसुद्धा नसायची. गाडी माझी, पेट्रोल त्याचं, आणि गुपित दोघांचं.

पहिल्याच सकाळी कळून चुकलं, की काहीच न येणाऱ्या माणसाला शिकवणं सोपं असतं. ज्याला फार येतं त्याला शिकवताना घाम फुटतो. बसचा क्लच डाव्या पायाला, मोटरसायकलचा डाव्या हाताला. पैलवान गोंधळला की डावा पाय दाणकन खाली आपटायचा. खाली असायचा गिअर. गाडी एक उचकी द्यायची आणि बंद पडायची.

“हात! हात दाब!” मी ओरडायचो.

“दाबला की!”

“तो पाय होता!”

वळण घ्यायची वेळ आली की आणखी गंमत. डावीकडे वळायचं असलं की हा आधी चांगला उजवीकडे जायचा आणि मग ऐसपैस वळसा घालून डावीकडे यायचा. मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, तो बसची शेपटी सांभाळत होता. मागे लांबच्या लांब गाडी आहे, ती कोपऱ्याला घासू नये म्हणून जागा सोडत होता. मागे होतो फक्त मी, आणि मी काही एवढा लांब नाही.

पडला तोही. थांबताना सवयीने डावा पाय टेकला, गुडघ्याने दगा दिला आणि गाडीसकट आडवा झाला. आवाराच्या कडेने एक कॉलेजची मुलगी चालली होती, ती धावत आली. “काका, लागलं का? माझी मावशीपण शिकतेय, पहिल्यांदा होतं असं.” तिने त्याला हात दिला. खरचटलं होतं कोपराला, पण ती मावशी त्याला जास्त लागली. मी त्याला उजवा पाय टेकायला शिकवलं. हाताचा ब्रेक धरायचा, गाडी किंचित उजवीकडे कलू द्यायची. ते मात्र त्याला लवकर जमलं.

बाकी काही जमत नव्हतं. दिवस सरत होते. तो दर वेळी विचारायचा, “स्टोअरमध्ये पंखा तरी आहे का रे?” मी गाडीला किक मारायचो.

मग एका सकाळी मला युक्ती सुचली. युक्ती कसली, तसं झालं खरं. मी मागे बसलो होतो, तो गाडी चालू करून नुसता उभा होता. कंटाळून मी त्याच्या खांद्यावर दोनदा बोट मारलं. टक टक. गाडी लोण्यासारखी सुटली. धक्का नाही, उचकी नाही. मी पुढे एकदा टक केलं. गाडी मऊ थांबली.

ज्यांनी बसने प्रवास केला आहे त्यांना सांगायला नको. दोरीला एक हिसका, घंटा एकदा वाजते, बस थांबते. दोनदा वाजली की निघते. डबल बेल मिळाल्याशिवाय ड्रायव्हर चाक हलवत नाही, मग पुढचा रस्ता कितीही मोकळा असो. मागे कोण चढतंय, कोणाचा पदर दारात अडकलाय, हे बघायचं काम कंडक्टरचं. ते त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं, की बोटाच्या दोन टिचक्यांनी त्याचे हातपाय आपोआप कामाला लागले. वळसेही आवरले. तो आवारात गिरक्या घेऊ लागला, मग आतल्या रस्त्यांवर जाऊ लागला. मी मागे बसून खांदा वाजवत होतो आणि स्वतःवर जाम खूश होतो. शिकवणीचा धंदा टाकावा असं मनात येत होतं. आणि खरं सांगतो, त्याची बस सुटल्यापासून मला जी हुरहुर लागली होती, तीही त्या सकाळी नसायची.

परीक्षा चार दिवसांवर आली तेव्हा मी गाडीवरून उतरलो. म्हटलं, “आता एकटा जा.”

तो गेला नाही. गाडी चालू, गिअर पडलेला, क्लच हातात, समोर सगळं आवार मोकळं. तो तसाच बसून राहिला.

“काय झालं?”

“काही नाही. निघतो.”

निघाला नाही. मी वैतागून ओरडलो, “अरे जा!” तेव्हा लगेच गेला, छान गेला, आवाराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थांबला. आणि तिथेच उभा राहिला. तिथे माझी हाक नीट पोचत नव्हती. शेवटी मी चालत गेलो. घोडं पेंड खात होतं ते इथे.

“मागे कोण आहे नाही, मला कसं कळणार?” तो म्हणाला.

“मागे कोणी नाहीये रे बाबा! मोटरसायकल आहे ही! मागे सीट आहे आणि सीटमागे हवा आहे!”

“ते तुला दिसतंय.”

तो गाडी बंद करून हँडलकडे बघत होता.

“बसमध्ये माझ्यापाठीमागे काय चाललंय याचा मी कधी विचारच केला नाही,” तो म्हणाला. “तू होतास. घंटा वाजली की सगळं ठीक आहे. आता इथे समोर काच नाही, बाजूला पत्रा नाही, मागे कोणी नाही. मला भीती वाटते, मास्तर.”

त्याच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. घाटात ब्रेक गरम होऊन वास सुटला होता तेव्हासुद्धा नाही. मला वाटलं त्याला थोपटावं. पण हात खांद्याकडे गेला आणि मीच थबकलो, कारण त्या खांद्याला माझा हात लागला की काय होतं ते दोघांनाही माहीत होतं. मी ज्याला शिकवणं समजत होतो, ते नुसतं बस चालवणं होतं. मी त्याला मोटरसायकल दिलीच नव्हती.

“मान वळव आणि स्वतः बघ,” मी म्हणालो.

“ड्रायव्हरची मान वळत नाही.”

“मग वळवायला शिक.”

राहिलेले दिवस मी रजा टाकली आणि आम्ही तेवढंच केलं. पण मान वळली की खांदा वळायचा, खांदा वळला की हँडल, आणि गाडी कुंपणात. शेवटच्या दिवशीही तो मी हाक दिल्याशिवाय नीट निघाला नव्हता. माझ्या बायकोने विचारलं, “सवत पास होणार का?” मी जेवणावरून उठलो.

लायसन्स ऑफिसच्या मागे सिमेंटवर पांढऱ्या रंगाने आठचा आकडा काढलेला होता. त्याच्या तोंडाशी एक तरतरीत बाई पेन घेऊन उभ्या होत्या. आठावर दोन फेऱ्या, पाय टेकायचा नाही, बरोबर कोणी नको. आम्हा बरोबरच्यांना जाळीबाहेर काढलं. रांगेत सगळी कोवळी पोरं, आणि मध्ये हा, हेल्मेटमध्ये कसंबसं डोकं कोंबलेला.

त्याचा नंबर आला. बाई म्हणाल्या, “निघा.”

बाईंचं ‘निघा’ म्हणजे काही घंटा नव्हे. तो उभा राहिला.

“निघा काका. वेळ जातोय.”

मागच्या पोराने हॉर्न दिला. कोणीतरी फिस्सकन हसलं. “काकांना धक्का द्या रे!” असंही कोणी म्हणालं. पैलवानाच्या पाठीवर शर्ट भिजून चिकटला होता, ते मला जाळीतून दिसत होतं. बाईंनी कागदावर पेन टेकवलं.

माझे हात केव्हा वर आले मला कळलं नाही. दोन टाळ्या, बस. तेवढ्याने तो सुटला असता. त्या आवाजाने तो आठ काय, सोळाचा आकडासुद्धा पुरा करून आला असता, मोटरसायकल त्याला तेवढी येत होती. लायसन्स मिळालं असतं, स्टोअर टळलं असतं. आणि पुढे कुठल्यातरी चौकात, जिथे मी नाही, तो असाच उभा राहिला असता, मागून हॉर्न वाजत राहिले असते. मी हात खिशात घातले आणि मुठी आवळल्या. असं ओझं मी कधी उचललं नव्हतं.

बाई म्हणाल्या, “होत नसेल तर बाजूला घ्या.”

तेव्हा त्याची मान हलली. आधी उजवीकडे, मग अजून थोडी, ताठ, बिजागरी गंजलेल्या दारासारखी. हँडल जागचं हललं नाही. हेल्मेटची काच उघडी होती, मला त्याचे डोळे दिसले. त्याने मागची पोरं बघितली, जाळी बघितली, जाळीला लागलेले आम्ही सगळे बघितले. त्याची नजर माझ्यावर आली, आणि माझ्यावर न थांबता पुढे गेली. मी त्याच्यासाठी मागचा रस्ता होतो, आणि रस्ता मोकळा होता.

मान पुढे झाली. त्याने क्लच सोडला, हाताने. गाडी निघाली.

पहिली फेरी त्याने भलत्याच हळू घेतली, दुसरी बरी घेतली. एका वळणावर बसची शेपटी त्याला आठवली असावी, चाक पांढऱ्या रेघेला शिवून आत आलं. पाय टेकला नाही. बाईंनी कागदावर खूण केली आणि पुढच्या पोराला हात केला, जणू काही विशेष झालंच नव्हतं. मी तोंड फिरवून रुमाल काढला. शेजारच्या एका आईने मला विचारलं, “तुमचा मुलगा का?” मी म्हटलं, “हो.”

तो बाहेर आला. गाडी रस्त्याला लावली, हेल्मेट नीट केलं आणि मला म्हणाला, “बस. घरी सोडतो तुला.”

मी मागे बसलो. गर्दीची वेळ होती, उजव्या अंगाने रिक्षा, टेम्पो एकामागून एक येत होते. माझी नजर सवयीने मागे गेली, आणि बोट त्याच्या खांद्याकडे. रस्ता मोकळा झाला, आता डबल बेल द्यावी, असं मी म्हणतोय तोवर गाडी निघालीसुद्धा होती.

मी हात मांडीवर ठेवले. इतक्या वर्षांत त्याच्या गाडीवर मी पहिल्यांदाच नुसता प्रवासी होतो.