शनिवारचं वजन

दादाच्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी दादाच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या. बाळं दहा दिवसांची असताना त्याला पहिल्यांदा रक्त धुवायच्या मशीनला लावलं. मुलगी ओली बाळंतीण, तिला किडनी देण्याबद्दल कोणी विचारलंच नाही. वहिनीचं रक्त जुळलं नाही. माझं जुळलं.

डॉक्टरीणबाईंनी माझे सगळे कागद बघितले आणि मला काट्यावर उभं केलं. शहाऐंशी किलो.

"बाकी सगळं चांगलं आहे मावशी," त्या म्हणाल्या. "पण एवढ्या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. पंच्याहत्तरच्या खाली या. तीन-चार महिने लागतील. घरी वजन बघत राहा, उतरलं की या."

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "ढब्बे, अकरा किलो म्हणजे रद्दीचा एक गठ्ठा. तसले दहा उचलतेस की रोज."

ढब्बी हे माझं लहानपणापासूनचं नाव. मी तेव्हा बावन्न वर्षांची होते, तो साठीचा. त्याच्याशिवाय त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं.

दादाचं भंगाराचं दुकान होतं. माझा नवरा गेल्यापासून मी मागच्या खोलीत राहायचे आणि पुढे बसून माल निवडायचे. लोखंड, पत्रा, तांबं, बाटल्या, रद्दी. मला आकडे वाचता यायचे, अक्षरं नाही. आहाराचा कागद वहिनीने दोनदा वाचून दाखवला तेवढ्यात पाठ झाला. सकाळी उकडलेलं अंडं आणि बिनसाखरेचा चहा. दुपारी वाटीभर भात, डाळ, काकडी. चार वाजता एक सफरचंद. संध्याकाळी भाज्यांचं पाणी आणि पावाचा एक तुकडा. मध्ये काही नाही.

भुकेबद्दल लोक सांगतात ते पहिल्या दोन दिवसांचं असतं. पोटात कावळे ओरडतात, डोकं ठणकतं, चिडचिड होते. ते माझंही झालं. वहिनीने विचारलं, मीठ बरोबर आहे का, तर मी म्हटलं, तीन चमचे पाण्यात मीठ कसलं बघतेस. तिसऱ्या दिवसापासून भूक ओरडेनाशी झाली. नुसती शेजारी बसून राहायला लागली. मी तांब्याच्या तारा सोलायचे, ती बसलेली. मी बाटल्यांची झाकणं काढायचे, ती बसलेली.

झाकणांचं काम सगळ्यात वाईट. मुरांब्याच्या बरण्या तळाला चिकटलेलं घेऊन यायच्या. बिस्किटांच्या डब्यांत कोपऱ्यात चुरा असायचा. आधी मी बरण्या हुंगून बाजूला ठेवायचे, मग हुंगणंही बंद केलं. नाकाला फडकं बांधलं. गिऱ्हाईक विचारायचं, "काय मावशी, आमच्या मालाला वास येतो का?" मी म्हणायचे, "येतो. तोच तर त्रास आहे."

काही युक्त्या मी शोधल्या. भात चहाच्या चमच्याने खायचा. सफरचंदाच्या सोळा फोडी करायच्या आणि दोन फोडींच्या मध्ये एक किलो तार सोलायची. गरम पाणी प्यायचं, गार पाण्याने भूक जागी होते. कोणी खायला बसलं की उठून मागे जायचं आणि गठ्ठे बांधायचे. महिनाभरात मला ना कशाचा राग येईना, ना कशाचा आनंद. वहिनी म्हणायची, तुझ्याशी बोलणं म्हणजे कपाटाशी बोलणं.

वजन आम्ही शनिवारी बघायचो. दादा आठवड्यातून तीन दिवस मशीनला जायचा, त्या दिवशी दुकान मी सांभाळायचे. शनिवारी तो घरी असायचा. काटा दुकानातलाच, जमिनीवरचा, लोखंडी पाटाचा. वर आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारं वजन. मी पाटावर उभी राहायचे, दादा वजन सरकवायचा, दांडी सरळ झाली की आकडा वाचायचा.

इस्पितळात शहाऐंशी भरले तो बुधवार होता. पहिल्या शनिवारी दांडी ब्याऐंशीला सरळ झाली.

"तीन दिवसांत चार किलो?" मी म्हटलं.

"आधी पाणी जातं म्हणे," वहिनी म्हणाली. तिने ते इस्पितळातल्या बाकावर ऐकलं होतं.

मी हसले. किती दिवसांनी हसले मला आठवत नाही. दादा दांडीकडे बघत राहिला. वजन थोडं मागे नेलं, परत पुढे आणलं. मग म्हणाला, "उतर आता, पाट वाकेल."

त्यानंतरचे शनिवार सारखेच गेले. ऐंशी. एकोणऐंशी. पुन्हा एकोणऐंशी. अठ्ठ्याहत्तर झालं त्या दिवशी मी स्वतःला सूट दिली. म्हटलं, निम्म्याच्या पुढे आलो, आता रविवारी भात दोन वाट्या आणि पावाला लोणी. चार रविवार मी ते खाल्लं. दादा समोर बसून बघायचा. त्याला पाणीसुद्धा मापून मिळायचं, दिवसाला दोन पेले.

"चांगलं लागतंय का?" तो विचारायचा.

"लोणी लोण्यासारखं लागतं."

"मग खा."

एकदा त्याने विचारलं, "ढब्बे, नाही उतरलं तर?"

"उतरतंय की. तूच वाचतोस ना आकडा."

तो म्हणाला, "हो, मीच वाचतो." आणि उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

चौथ्या महिन्याच्या सुरुवातीला आमचा काटा साडेचौऱ्याहत्तरला सरळ झाला. सोमवारी आम्ही तिघं इस्पितळात गेलो. मी नवी चप्पल घातली होती, ती काट्यावर चढताना काढून ठेवली. डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला, मला उतरवलं, पुन्हा चढवलं.

"अठ्ठ्याहत्तर, मावशी."

"घरी साडेचौऱ्याहत्तर भरलं."

"घरचे काटे असेच असतात. हरकत नाही, आठ किलो उतरवलेत, तुम्ही खूप केलंत. आता तीन राहिले. दीड महिन्याने या."

दादाकडे बघून त्या म्हणाल्या, "तुम्ही काळजी घ्या. ताप आला तर त्याच दिवशी इथे यायचं, घरी बसायचं नाही."

परतताना वहिनी औषधं घ्यायला दुकानात गेली. दादा आणि मी बसथांब्याच्या बाकावर बसलो. समोर एक माणूस कागदातून पाव खात होता. मी त्याच्याकडे बघत होते. मनात काही येत नव्हतं.

"काट्याचं मला माहीत होतं," दादा म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"कमी दाखवतो ते. सरकतं वजन आहे ना, ते पोकळ आहे. मी त्यात शिसं भरलंय. तू दुकानात यायच्या आधीच. लोकांचा माल वीस किलो असला की एकोणीस भरतो."

तो बोलत राहिला.

"पहिल्याच शनिवारी सांगणार होतो. तू हसलीस. म्हटलं, पुढच्या शनिवारी सांगू. पुढच्या शनिवारीही वहिनी उभी होती. तिलाही माहीत नाही. मग लोणी खायला लागलीस. बरण्या हुंगून ठेवतेस ते मी बघितलं होतं गं. म्हटलं, खाऊ दे चार घास."

"आणि तुझं काय?"

"तुला वाटतं मी हिशोब केला? नाही केला. तोंड उघडायचो आणि दुसरंच बोलायचो."

मला राग यायला हवा होता. मी वाट बघितली, आला नाही. मी एवढंच विचारलं, "शिसं काढता येतं का?"

"येतं."

घरी गेल्यावर त्याने काढलं. वजन मांडीवर उलटं धरलं, खालचा रंग खरवडला आणि पेचकसाने टोकरत बसला. वजन सटकत होतं, म्हणून ते मी धरून ठेवलं. शेवटी गोळी बाहेर आली. लिंबाच्या बीपेक्षा थोडी मोठी, करडी. वहिनी दारात उभी होती. तिने विचारलं, हे काय. दादाने सांगितलं. ती आत गेली आणि भांडी घासत बसली. भांडी सकाळीच घासलेली होती.

मी पाटावर उभी राहिले. दादाने वजन सरकवलं. "अठ्ठ्याहत्तर," तो म्हणाला.

"खरं?"

"आता खरं."

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांना त्यांचं पूर्ण वजन मिळायला लागलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. एक बाटलीवाला तेवढा म्हणाला, आज पोती जड दिसतात.

मी पावाचा तुकडा बंद केला. दुपारचा भात अर्धी वाटी केला. रविवार बाकीच्या दिवसांसारखा केला. चालताना पाय माझे वाटत नव्हते, कोणाचे तरी उसने आणल्यासारखे पडत होते. शनिवारी सत्याहत्तर. पुढच्या शनिवारी साडेशहात्तर. दादा आकडा मोठ्याने वाचायचा आणि मला वाकून दांडी दाखवायचा. मी म्हणायचे, दिसतंय. तो म्हणायचा, नाही, नीट बघ.

तिसऱ्या शनिवारी काटा मांडायला कोणी नव्हतं. गुरुवारी त्याला थंडी भरून ताप आला. आम्ही त्याच दिवशी नेलं, घरी बसलो नाही. मशीनची नळी लावतात तिथून जंतू आत गेले होते. मी काचेबाहेर उभी राहायचे. एकदा त्यांनी आत सोडलं. त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "किती?"

"बघितलं नाही," मी म्हटलं.

"बघ."

बाहेरच्या खोलीत काटा होता. मी चप्पल काढून चढले. शहात्तर. आत जाऊन सांगितलं. त्याने बोट वर केलं, एक. एकच राहिला, असं त्याला म्हणायचं असेल.

तो गेला त्या दुपारी शेजारणीने भाताचं पातेलं आणून ठेवलं. वहिनी जेवली नाही. मी तीन ताटं जेवले. पोट भरलं की नाही, कळलं नाही. मग पुढे जाऊन बाटल्यांची झाकणं काढत बसले.

काटा अजून दुकानात आहे. भाचीचा नवरा आता तोलतो. शिशाची गोळी माझ्या पेटीत आहे.

माझा थोरला भाऊ रविवारी सकाळी साडेनऊला इस्पितळात वारला. जुळी तेव्हा पाच महिन्यांची होती.