वखारवाल्याची मुलगी

दुबईत, देऱ्याच्या धक्क्याजवळ हमदुल्लासेठची लाकडाची वखार होती. दुपारच्या उन्हात तिकडे गिऱ्हाईक फिरकत नसे. तेवढा वेळ सेठ घरी येऊन आडवे होत आणि सुनेकडून अमेरिका ऐकत.

मायदेशी परतणारा एक इंग्रज बँकवाला जुनी पुस्तकं त्यांच्याकडे टाकून गेला होता. त्यात गेल्या शतकातल्या एका अमेरिकन लाकूडव्यापाऱ्याचं चरित्र निघालं. वखारीतून वर आलेला माणूस पुढे गव्हर्नर झाला, हे कळल्यापासून सेठना दुसरं काही गोड लागेना. त्यांच्या रत्नागिरीत जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आली होती आणि त्यांना लोकसेवेचा उमाळा आला होता. उमाळासुद्धा त्यांनी बाजार बघूनच येऊ दिला होता.

इंग्रजीचं अक्षर त्यांना येत नव्हतं. मॅट्रिक झालेली सून साजिदा वाची आणि मराठीत सांगे. सासऱ्यांचा शेरा ठरलेला, "बघ, आपल्यासारखाच."

गावाकडे मोहिद्दीन खोतांच्या शब्दावर चार गावं मत टाकत. खोत चाळिशी ओलांडलेले, दोनदा विधुर. त्यांनी मतांच्या बदल्यात सेठची धाकटी मागितली, तेरा वर्षांची शहनाझ. सेठनी जबान दिली. बिरादरीत कोणाची भुवई उंचावली नाही. याला घराणी जोडणं म्हणत. साजिदाचा नवरा जहूर बापापुढे फक्त मान हलवायला शिकला होता. आणि शहनाझला एवढंच ठाऊक होतं, की सुट्टीत आगबोटीने गावी जायचं. शेजारच्या खोलीत ती शाळेचा नकाशा रंगवत होती.

त्या दुपारी साजिदा सांगू लागली. गव्हर्नर होण्याआधी त्या व्यापाऱ्याने एका बड्या जमीनदाराला मुलगी दिली. वर्षभरात ती बाळंतपणात गेली. कळा सुरू झाल्या तेव्हा आईला विचारत होती, मी काय चूक केली?

सेठ कुशीवर वळले. "आणि निवडणूक?"

"जिंकला."

सेठनी पुस्तकाकडे पाहिलं. ओंडक्यातली कीड बाहेरून ओळखणारा माणूस. "एवढं सांगितलंस, साजिदा, पण पान नाही उलटलंस."

"पुस्तकात नाही हे, अब्बा. ही माझी बहीण हाफिजा. तुम्ही तिच्या लग्नाला होतात. जेवणाची तारीफ केली होती."

"खलास. मी जबान दिलीय."

"जबान तुमची, ती तुम्ही पाळा. मुलगी त्यात कशाला घालता? धक्क्यावर मी तिचा हात सोडणार नाही. सोडवायचा तर चारचौघांत सोडवा."

उमेदवाराला चारचौघांचीच धास्ती. सेठनी पुस्तक ओढून घेतलं. "त्याच्या मुलीबद्दल खरं काय लिहिलंय? बोट ठेव."

साजिदाने एका ओळीवर बोट ठेवलं. "'त्याला एक मुलगी होती.' बस. नावसुद्धा नाही."

तेवढ्यात शहनाझ नकाशा दाखवायला आली. कोपऱ्यात इंग्रजी अक्षरं होती. सेठ त्यांच्याकडे बघत राहिले.

"हे काय लिहिलंस, बेटा?"

"माय नेम, अब्बा."

संध्याकाळी जहूर खोतांना तार करायला गेला. पहिल्यांदाच त्याने मान हलवण्याआधी बापाचं वाक्य पुन्हा विचारून घेतलं.

चार गावांनी मतं फिरवली, हमदुल्लासेठ पडले. त्यांची अमेरिका अर्ध्यावरच राहिली. मोहिद्दीन खोतांना मात्र त्याच वर्षी दुसरी मुलगी मिळाली, तीही तेरा वर्षांची. तिच्या बापाला वाचून दाखवणारं घरात कोणी नव्हतं. लग्नाच्या जेवणाची मात्र सगळ्या गावाने तारीफ केली.