अर्ध्या वाक्यावर संपलेली कादंबरी

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हापासून प्रत्येक दार वाजवून आत यायच्या. स्वयंपाकघराचंसुद्धा. मी भांडी घासत असले की मागून टकटक व्हायची आणि पाठोपाठ प्रश्न, "येऊ का गं?" माझ्या जिवाचा संताप व्हायचा. पोटच्या लेकाच्या घरात कसली परवानगी मागायची? पण त्यांची बॅग कॉटखाली भरलेलीच होती आणि "उन्हाळा सरला की मी आपली माझ्या घरी" हे पालुपद चालू होतं. तिकडे घर म्हणजे एक मोठं कुलूप. ओळखीचे शेजारीही आता उरले नव्हते.

"आई कुणाचं ऐकणार आहे?" असं म्हणून नवरा हात झटकून मोकळा झाला. मला मात्र त्या जायला नको होत्या. मी तोंडाची फटकळ आहे, आणि माझ्या फटकळपणाला मनापासून हसणारं घरात त्यांच्याशिवाय कुणी नाही.

म्हणून मी त्यांना आमच्या रविवारच्या बैठकीला नेलं. आम्ही चौघं कादंबऱ्यांची वेडी माणसं. एक दंतवैद्य; त्यांचा दवाखाना रविवारी बंद असतो, तेव्हा तिथल्या बाहेरच्या खोलीत आम्ही जमतो. दुसऱ्या एक बेकरीवाल्या बाई, त्यांच्या हातून आलेल्या पुस्तकात हमखास पीठ सापडतं. तिसरे ड्रायव्हरकाका, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. चौथी मी, शिवणकाम करणारी. आमची रीत अशी की नव्या माणसाने आपली सगळ्यात आवडती कादंबरी आणायची, तीच एक प्रत सगळ्यांच्या हातून फिरायची आणि मग चर्चा शेवटापासून सुरू करायची. सुरुवात कुणालाही आवडते हो. माणूस कळतो तो शेवटावरून.

सासूबाईंनी कॉटखालची बॅग ओढली आणि तळातून एक जाडजूड, कापडी कव्हर घातलेली कादंबरी काढली. त्या बॅगेतून बाहेर आलेली ती पहिली वस्तू. "त्यांना नाही आवडली तर?" हे त्यांनी मला रस्त्यात तीनदा विचारलं.

पुस्तक सगळीकडून फिरून आलं. चर्चेच्या दिवशी सासूबाई इस्त्रीची साडी नेसून खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या, दात काढायला आल्यासारख्या.

दंतवैद्यांनी घसा खाकरला. "काय शेवट आहे! 'तिने पुलावरून मागे वळून पाहिलं आणि...' बस्स! वाक्यसुद्धा पुरं नाही. लेखकाने आपल्याला त्या पुलावरच सोडलं. याला धाडस लागतं."

"मला तर रात्रभर झोप नाही," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या.

"अपूर्णतेतच पूर्णता," ड्रायव्हरकाका म्हणाले. हे त्यांनी कुठून उचललं देव जाणे. मीही मान डोलावली. खरं सांगायचं तर मला तो शेवट कळला नव्हता, पण झाकली मूठ सव्वा लाखाची.

सासूबाई आमच्याकडे आळीपाळीने बघत होत्या. "कुठलं अर्धं वाक्य? ती मागे फिरते की. घरी येते."

दंतवैद्यांनी पुस्तक उघडून दिव्याखाली धरलं, बांधणीत बोट घातलं. शेवटची पानं गायब होती. चार पट्टीचे वाचक, आणि एकालाही शंका आली नाही! आली असेल तर बोलला नाही. सगळ्यांचं पितळ एकदमच उघडं पडलं, म्हणून कुणी कुणाला हसू शकेना. मग बेकरीवाल्या बाई फिसकन हसल्या आणि बांध फुटला. ड्रायव्हरकाका डोळे पुसत म्हणाले, "डॉक्टर, दात पडलेला तुम्हाला दिसतो, पान पडलेलं दिसत नाही?"

"मला कसं कळलं नाही?" सासूबाई पुटपुटल्या. "पुलापाशी आले की मी पुस्तक मिटते. पुढचं पाठ आहे ना."

"मग सांगा," दंतवैद्य म्हणाले.

त्यांनी सांगितलं. ती पुलावरून परत फिरते. गल्लीत शिरते. आता दार वाजवावं की नको, म्हणून पायरीवर थांबते. तेवढ्यात दार आधीच उघडं असल्याचं तिला दिसतं, आणि आतून कुणीतरी म्हणतं, "आलीस? हात धुऊन घे."

एवढंच. दंतवैद्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

पुढच्याच आठवड्यात ड्रायव्हरकाका माझ्या दुकानात आले, चेहरा पाडून. "वहिनी, घोळ झालाय." जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना त्याच कादंबरीची धडधाकट प्रत मिळाली होती. मी मशीन थांबवून शेवट वाचला. ती बाई मागे वळून बघते आणि सरळ पूल ओलांडून निघून जाते. परत येतच नाही. दार नाही, पायरी नाही, हात धुणं नाही.

"लपवू या?" काका म्हणाले.

चौघांचंही लपवायचंच ठरलं. पण काकांच्या पोटात काही राहत नाही तसं पिशवीतही राहत नाही. रविवारी पिशवी कलंडली आणि पुस्तक थेट सासूबाईंच्या पायाशी. त्यांनी उचललं. शेवट वाचला. आम्ही सगळे जमीन बघत होतो. मला वाटलं, संपलं. आता ही बाई आजच बॅग उचलणार.

"असं होय," त्या हळूच म्हणाल्या. "मग ती पानं पडली नाहीत. मीच फाडली."

"फाडली?" बेकरीवाल्या बाई किंचाळल्या. आमच्यात पानाचा कोपरा दुमडणंही पाप आहे.

"लग्न होऊन नवीन घरी आले होते. कुणाची ओळख नाही, प्रत्येक दाराशी बिचकायची. ही गोष्ट वाचली आणि ती निघून गेलेली मला सोसेना. फाडून टाकली पानं. मग रोज मनातल्या मनात तिला घरी आणायची. आणता आणता तेच खरं वाटायला लागलं." त्या कानकोंड्या झाल्या. "फसवलं मी तुम्हाला."

दंतवैद्यांनी हात वर केला. "माझं मत यांच्या शेवटाला."

"माझंही," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या. "पण पानं फाडल्याचा दंड म्हणून पुढची कादंबरी तुम्हीच सुचवायची."

"मी तर जन्मभर बस परतच आणली," ड्रायव्हरकाका म्हणाले.

सासूबाई हसल्या, पण मला हसू येईना. प्रत्येक दाराशी बिचकणारी ती नवी सून अजून माझ्याच घरात टकटक करत होती, आणि मी नुसती चिडत होते.

त्या दिवशी बेकरीवाल्या बाईंनी त्यांना गप्पांसाठी थांबवून घेतलं. मी पुढे घरी आले, बाहेरचं दार सताड उघडं ठेवलं आणि चहा टाकला. थोड्या वेळाने पायरीवर पावलं वाजली आणि थांबली. हात वर गेलेला मला न बघताही कळला.

"आलात?" मी आतूनच ओरडले. "हात धुऊन घ्या."

चपला काढल्याचा आवाज आला. मग नळाचं पाणी वाजलं. ओले हात पदराला पुसत त्या सरळ स्वयंपाकघरात आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "किती पाणचट केलास गं चहा. सरक तिकडे."

मी सरकले.