भगताच्या मुठीतला अंगारा

बसा असं जवळ, कर्टुल्याच्या वेलाची एक गोष्ट सांगतो. सत्तर सालच्या आसपासची. कडावच्या पल्याडल्या आमच्या गावात कोंडाजी भगत दिवेलागणीला मूठ आवळून निघाला की निम्मं गाव त्याच्या मागं. कुंपणावर कर्टुल्याची पिवळी फुलं नुकती उमललेली असायची. भगत त्यांवर अंगारा चोळायचा, "आई, पदर पसर, लेकीची वटी भर" असं पुटपुटायचा, अन् चार दिवसांत तिथं काटेरी कर्टुलं धरायचं. बाकीची फुलं गळून जायची. घरटी एक कोंबडी भगताच्या खुराड्यात जात व्हती.

वेल सुने का पडले, आपसूक फळ का धरंना, तेबी भगतानंच सांगितलं. श्रीपतची बायको बायजा, लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नाय. तिची सावली पडते म्हणून. सासू सोनाबाईनं ठरवून टाकलं, श्रावणी पुनवेला हिला कायमची माहेरी धाडायची अन् घरात सवत आणायची.

बायजा रडली नाय, दात खात बसली. आदल्या साली ह्याच भगतानं सांगितलं व्हतं की नुसते फुलणारे, फळ न देणारे वेल अवदसेचे, कंदासकट उपटा. गावानं झाडून सगळे उपटले. मग भगताच्या परसात तसलाच एक वेल जित्ता कसा? अन् रोज सांजेला हा त्याची फुलं का खुडतो?

एका सांजेला भगताच्या आधी जाऊन तिनं त्यातलं एक फूल आणलं, आपल्या कुंपणावरच्या चार फुलांना चोळलं अन् देठांना दोरे बांधले. शेजारच्या चार फुलांना आपल्या कुंपणावरच्याच वेलाची फुलं चोळून बघितली. दोरेवाली चारही फुगली. दुसरी चार गळाली. ती कुणाला बोलली नाय. पुनवेची वाट बघत राहिली.

पुनवेला तिला वाटेला लावायला सगळं गाव जमलं. भगत कुंपण शुद्ध करायला आला.

"भगतबुवा, राख माझ्या चुलीतली घ्या की," बायजा म्हणाली.

"वांझेच्या चुलीची राख चालत नाय."

"मग मूठ उघडा."

उघडंना. तिनं मनगट धरून एकेक बोट उलगडलं. राखेत चुरगाळलेलं फूल निघालं.

"हा नर. कर्टुल्यात नर एका वेलावर, मादी दुसऱ्यावर. आपल्याच अंगाशी सोयरीक व्हऊ नये, म्हणून त्यांची रीतच तशी हाय. तुमी गावातले सगळे नवरे उपटलेत अन् नाव माझं घेतलंत. बगा, दोरे बांधलेली ही चार. ह्याच वांझेच्या हातची."

मग तिनं भगताला चिखलात बसवला. त्याच्या परसातला वेल त्याच्याच नखांनी कंदासकट उकरायला लावला अन् चावडीच्या कुंपणाला लावून घेतला. बाया त्याच्या खुराड्यातनं आपापल्या कोंबड्या उचलून चालत्या झाल्या.

सोनाबाई गोड आवाजात म्हणाली, "चल गं, घरात चल."

"सासूबाई, आधी तुमच्या लेकाला कर्जतला डाक्टराकडं न्या. तवर चूल तुमीच पेटवा."

तुमाला एकच मागणं हाय. तुमच्या वस्तीत कुठल्या सुनेला असं माहेरी धाडत असतील, तर आजच जा, अन् तिच्याआधी तिच्या नवऱ्याला तपासून आणा.