रेजची चार-दहा

हॉथरिगच्या चर्चमागच्या सभागृहात दर गुरुवारी दुपारी निवृत्त रेल्वेवाले जमायचे आणि संगणकाच्या खेळात आपलीच जुनी लाइन चालवायचे. एक गाडी आपण हाकायची, बाकीच्या संगणक हाकणार. पूर्वी संगणकाच्या त्या गाड्यांना वजनच नसायचं. चढ असो, पाऊस असो, दोरीनं ओढल्यासारख्या चालायच्या आणि खिळा ठोकल्यासारख्या थांबायच्या. शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या हेस्टरनं वर्षभर खपून त्यांना वजन दिलं, चढावर दमवलं, ओल्या रुळांवर त्यांची चाकं घसरू दिली.

इथवर क्लिफर्ड थ्वेटचं काही म्हणणं नव्हतं. पण हेस्टरला एका गाडीसाठी खऱ्याखुऱ्या ड्रायव्हरची रीत हवी होती, आणि सगळ्यांनी एका सुरात नाव घेतलं ते रेज ऑलरॉइडचं. रेजला जाऊन चार वर्षं झाली होती. त्याच्या बायकोनं, म्युरियलनं, त्याच्या वह्या आणून दिल्या. कुठल्या वळणावर किती ब्रेक, सगळं त्यात होतं. झालं, चार-दहाची गाडी रेजसारखी धावायला लागली. एकदाच ब्रेक लावायची आणि फलाटाच्या खुणेवर अलगद टेकायची.

क्लिफर्डच्या अंगाचा तिळपापड झाला. सव्वीस वर्षं दोघं एकाच लाइनवर ड्रायव्हर होते आणि सव्वीस वर्षं त्यानं एकच ऐकलं होतं, बघ, रेज कशी थांबवतो. आता माणूस मातीत गेला तरी सुटका नाही. माझ्याही पद्धतीची एखादी गाडी करता येईल का, असं त्यानं हेस्टरला आडून विचारून पाहिलं. करू की पुढच्या वर्षी, असं ती हसून म्हणाली. जुना गार्ड अल्फी मात्र सोडतो कसला.

"क्लिफर्ड, अरे मेलेल्या माणसाशी कसली बरोबरी करतोस? तो जिवंत होता तेव्हा कुठे जमली तुला?"

सगळे हसले. क्लिफर्डही हसला, आणि हेस्टरला म्हणाला, पुढच्या गुरुवारी नोव्हेंबर लावून बघा, रुळांवर ओली पानं.

काय होणार ते त्याला ठाऊक होतं. पस्तीस वर्षांपूर्वी, अशाच एका नोव्हेंबरात, रेज रिकामी गाडी घेऊन क्लिफर्डला हॉथरिगला सोडायला आला होता आणि फलाट सोडून दोन डब्यांच्या लांबीइतका पुढे घसरत गेला होता. केबिनमध्ये दोघंच. रेजचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं मुकाट्यानं गाडी मागे घेतली आणि कुठे नोंद केली नाही. क्लिफर्ड कुणाजवळ बोलला नाही. चांगुलपणानं नव्हे. रेजचं एवढं एक वर्म आपल्या हातात आहे, याचंच त्याला फार सुख होतं.

गुरुवारी म्युरियलनं आलं घातलेला केक आणला होता. सगळे पडद्याभोवती जमले. चार-दहा आली, ब्रेक लागले, चाकं थांबली, पण गाडी थांबली नाही. दोन डबे पुढे गेली. काहीतरी चुकलं, रेज असा कधी घसरलाच नसता, असं जो तो म्हणायला लागला. हेस्टर ओशाळली.

"थांबा, या एका गाडीला ओल्या रुळांचा नियम लावत नाही. दोन मिनिटांचं काम आहे."

क्लिफर्डला आता राहवेना. चढ सगळ्यांना, पाऊस सगळ्यांना, आणि रेजला तेवढी सूट!

"हात लावू नका. गाडी बरोबर आहे. तो घसरला होता. मी शेजारी होतो."

म्युरियलनं सुरी खाली ठेवली.

"मला माहीत आहे, क्लिफर्ड. त्याच संध्याकाळी सांगितलं होतं त्यानं मला."

क्लिफर्ड पडद्याकडून तिच्याकडे वळला.

"जेवलासुद्धा नव्हता. मी म्हटलं, उद्या गावभर होईल. तर म्हणाला, शेजारी क्लिफर्ड होता, तो मरेपर्यंत बोलायचा नाही. शेवटपर्यंत सांगायचा, अख्ख्या लाइनवर माणूस असा एकच."

मग तिनं केक कापला आणि एक तुकडा क्लिफर्डच्याही ताटलीत ठेवला. त्यानं तो तसाच राहू दिला. पडद्यावर गाडी फलाटापुढे दोन डबे उभी होती. ती मागे कशी घ्यायची, ते हेस्टरनं तिला अजून शिकवलं नव्हतं.