स्कॅनरची महिनाभराची परीक्षा

कानवाले काका लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून गाडीचं दुखणं ओळखत. एकदा म्हणे रस्त्यावरून जाणारी गाडी नुसती ऐकून त्यांनी मालकाला ओरडून सांगितलं होतं, "मागचं डावं बेअरिंग बदला, आणि तुमचीही सर्दी वाढतेय, जपा." ही हकिगत सांगणारेही काकाच, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती.

अशा माणसाच्या गॅरेजात लेकीनं तळहाताएवढा स्कॅनर आणला. स्टिअरिंगखाली जोडायचा आणि गाडीची तक्रार पडद्यावर वाचायची. पण नुसता विकत घेऊन भागत नव्हतं. दरवर्षी वर्गणी भरायची, नाहीतर यंत्राची वाचा बंद. पहिला महिना तेवढा फुकट.

"वापरून बघा, बाबा. मग ठरवू," असं म्हणून लेक एका मोठ्या सर्व्हिस सेंटरात महिन्याभराच्या प्रशिक्षणाला गेली.

काकांनी परीक्षा कडक घेतली. गाडी आली की त्यांना काम शिकवणाऱ्या उस्तादांच्या शिस्तीप्रमाणे आधी बॅटरीची तार काढायची, गाडीला घटकाभर झोपू द्यायचं, तार पुन्हा लावायची आणि मगच कामाला हात. ही शिस्त न पाळल्यामुळे उस्तादांची एक गाडी आपणहून सुरू होऊन तीन गल्ल्या ओलांडून मालकाच्या दारात जाऊन हॉर्न वाजवत उभी राहिली होती. तेव्हापासून काकांनी नियम मोडला नाही. एकवीस गाड्यांना स्कॅनर लावला आणि एकवीस वेळा तो म्हणाला, 'दोष आढळला नाही.'

"वर्गणी भरून थापा ऐकायच्या?" काका शेजारच्या टायरवाल्याला म्हणाले. "त्यापेक्षा माझा मेहुणा बरा, फुकट मारतो!"

फुकट महिन्याच्या शेवटच्या सकाळी लेक परतली. पिशवी खाली ठेवायच्या आतच म्हणाली, "बाबा, तिथं मला नोकरी देतायत. दुपारपर्यंत कळवायचंय."

काकांना चहाचा ठसका लागला. "मग?"

"मग काय! नव्या गाड्या नुसत्या कानानं नाही कळत. स्कॅनर राहिला तर मी राहते. नाहीतर जाते."

तेवढ्यात दातांच्या डॉक्टरीणबाई गाडी घेऊन आल्या. गाडी उचक्या देत होती आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटला होता. लेक त्यांच्याशी बोलत बाहेर थांबली. काकांनी आवाज ऐकताच ओळखलं, तिसरा सिलिंडर. पण आज आयुष्यात पहिल्यांदा त्यांना यंत्र जिंकायला हवं होतं. शिस्तीत तार काढली, लावली, स्कॅनर जोडला.

'दोष आढळला नाही.'

"अरे बोल की, लेका!" काका पडद्याशी कुजबुजले. "तीन म्हण! नुसतं तीन!"

"बाबा, हातात पाना कशाला?" लेक मागे उभी होती.

"बॅटरीची तार काढली होती. नेहमीसारखी."

"नेहमीसारखी? म्हणजे महिनाभर?"

"म्हणजे काय! एकवीसच्या एकवीस गाड्यांची!"

लेक हसत हसत जुन्या टायरवर बसली. "अहो, तार काढली की गाडी सगळं विसरते! आधी तिची पाटी पुसायची आणि मग विचारायचं, बाई गं, काय होतंय तुला?"

काकांनी पाना हळूच पाठीमागे लपवला. लेकीनं किल्ली घेतली, गाडी दोन चकरा फिरवून आणली. दिवा पुन्हा पेटला होता. स्कॅनर म्हणाला, 'तिसरा सिलिंडर, मिसफायर.'

"हे तर मलाही ठाऊक होतं," काका म्हणाले. "पण का, ते सांगतो का तो?"

"नाही सांगत."

काकांनी पेचकस कानाला लावला, डोळे मिटले. "ऐक. बारीक टिकटिक. ठिणगी बाहेर उडतेय. ती देणारी कॉइल तडकलीय."

लेकीनं कॉइल काढली. केसाएवढी भेग होती. तिनं ती बराच वेळ उलटसुलट करून पाहिली.

"वर्गणी भरून टाक," काका घसा खाकरून म्हणाले. "बिचाऱ्याला मीच बोलू दिलं नाही. पण आधी तो फोन कर."

तिनं नंबर लावला. काका बॉनेटमध्ये डोकं खुपसून आधीच घट्ट असलेला बोल्ट आवळत राहिले.

"नाही सर, मी येत नाही," लेक म्हणत होती. "कारण? इथं शिकायला अजून बरंच आहे. शिवाय म्हाताऱ्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं."

"म्हातारा कोण गं?" बॉनेटखालून आवाज आला.