मी ओढलेलाच होतो

मी हँडब्रेक बोलतोय, राजाजीनगरच्या श्यामलाबाईंच्या पांढऱ्या अँबॅसिडरचा. आणि आधीच सांगून ठेवतो, त्या दिवशी बाईंनी मला ओढलं होतं. चांगलं खस्सकन, वरपर्यंत. कुणाला पटो न पटो!

मी साधा लोखंडी दांडा. ड्रायव्हरच्या सीटशेजारी माझा जन्म गेला. आयुधपूजेला स्टिअरिंगला हार, बॉनेटला हार, चाकांखाली लिंबं. मला कधी कुंकवाचं बोट लागलं नाही. पण बाईंची मूठ रोज लागायची, म्हणून माझी तक्रार नव्हती. शाळेत मास्तरीण असताना त्यांनी स्वतःच्या पगारातून ही गाडी घेतली आणि आजवर दुसऱ्या कुणाला चालवायला दिली नाही.

तर त्या दिवशी बाई भाजीची पिशवी घेऊन घरात गेल्या, आणि मागे गाडी उतारावरून घरंगळली. शेजाऱ्यांच्या फाटकाला धडकली. एका रिक्षावाल्याने धावत येऊन दार उघडलं, मला खाली पाडलं, गाडी ढकलून सपाटीला लावली आणि तो आपल्या वाटेने गेला. भला माणूस, पण घात केलान माझा! कारण नंतर बाईंचा मुलगा अभिजीत आला, आणि त्याने पाहिलं तेव्हा मी खाली.

"अगं आई, हँडब्रेक लावायलाच विसरलीस."

"मी ओढला होता."

"परवा गॅसही चालू राहिला होता. आता बास. चावी माझ्याकडे."

गॅसचं मला माहीत नाही, मी गाडीतला. पण माझं मला माहीत होतं ना! अंगाची नुसती लाही लाही झाली. बाईंनी चावी दिली, पण मान खाली घातली नाही.

"चावी ठेव तुझ्याकडे. पण गाडी देवाप्पाकडे ने, आणि मी येणार."

देवाप्पाचं गॅरेज कोपऱ्यावरच. त्याने मला दोनदा वरखाली केलं आणि म्हणाला, "अक्का, केबल स्वल्प टाइट करतो की. सरी होतंय, एकदम बरोबर."

दर खेपेला हेच! माझी केबल ताणायची आणि पोटातलं दुखणं तसंच ठेवायचं. अहो, पायाच्या ब्रेकला चार चाकं. मला मागची दोनच. ती मेली तर मी कशाच्या जोरावर धरू?

"केबलला हात लावू नकोस," बाई म्हणाल्या. "मागची दोन्ही चाकं काढ. आतले ब्रेकचे ड्रम उघड. अभी, तू इथून हलायचं नाहीस."

ड्रम गंजून बसले होते. हातोडीने ठोकून ठोकून निघाले. एका बाजूचं तेल अडवणारं सील गेलेलं, चाक घट्ट धरणारं लायनर तेलात न्हालेलं. दुसऱ्या बाजूचं झिजून नुसता पत्रा उरलेला. अभिजीतने बोट लावलं. बोट काळं, ओशट झालं.

"म्हणजे ओढला तरी..."

"ओढला तरी उतारावर थोडा वेळ थांबणार, मग सुटणार," देवाप्पा म्हणाला.

अभिजीत बराच वेळ बोट पुसत राहिला.

नवीन लायनर आली, सील आलं, केबलला ग्रीस लागलं. अभिजीतने गाडी परत त्याच उतारावर आणली आणि चावी तशीच लावून ठेवून जागा आईला दिली. बाईंनी मला ओढलं, गिअर काढला आणि पाय ब्रेकवरून उचलला. तेवढ्यात कुणी न सांगता अभिजीत गाडीपुढे, उताराच्या बाजूला जाऊन उभा राहिला. दोन्ही हात बॉनेटवर, डोळे भरलेले.

मी धरलं. असं धरलं की तसूभर हललो नाही.

"आई, माझं चुकलं."

"हो, चुकलं. आता बाजूला हो, मला जयनगरला जायचंय."

तुम्हालाही सांगतो. घरातलं वयस्क माणूस 'मी केलं होतं' म्हणालं, की लगेच त्याचं वय काढू नका. आधी ड्रम उघडा. मग काय बोलायचं ते बोला.